आमची फियाट

नव्या वस्तूचें स्वागत कसें करावें, हें कोणास शिकवावें लागत नाहीं. नवी मोटार दारांत आली म्हणजे तिला हळदकुंकू लागतें, चाकाखालीं लिंबू ठेवितात, शेजारीं पेढे वाटले जातात आणि घरांतील मुलें तिच्या आसनांवरील वेष्टनसुद्धां कित्येक दिवस काढूं देत नाहींत. परंतु जुन्या वस्तूस निरोप कसा द्यावा, हें मात्र आम्हांस कोणत्याही शाळेंत शिकविलें गेलें नाहीं. तें आम्ही बऱ्याच उशिरां, आणि तेंही एका म्हाताऱ्या मोटारीपाशीं शिकलों. विद्यार्थिमित्रांनो, त्या धड्याची हकीकत आज आपणांपुढें ठेवीत आहों.

ती मोटार म्हणजे आमची फियाट. कागदोपत्रीं तिचें नांव ‘प्रीमियर पद्मिनी’ असें होतें. परंतु अमरावतींत काय किंवा अकोल्यांत काय, तिला पद्मिनी म्हणणारा मनुष्य आम्हांस क्वचितच भेटला. सारें वऱ्हाड तिला फियाटच म्हणे. आमच्या बालपणीं रस्त्यावरील मोटारी ओळखण्यास फारशी विद्वत्ता लागत नसे. एक अ‍ॅम्बॅसडर, ती साहेबांची व पुढाऱ्यांची; आणि दुसरी फियाट, ती डॉक्टर, वकील व कापसाचे अडते यांची. या दोहोंखेरीज तिसरी मोटार दिसली, तर मुलें खेळ थांबवून तिच्याकडे पाहत उभीं राहत.

आमची आत्या अकोल्यास राहत असे. त्यामुळें सुटींत अमरावतीहून अकोल्यापर्यंतचा सुमारें शंभर किलोमीटरांचा प्रवास ठरलेलाच असे. बडनेरा मागें पडलें, कीं आम्हां भावंडांचा एक खेळ सुरू होई. डावीकडच्या खिडकीच्या मालकानें अ‍ॅम्बॅसडर मोजावयाच्या व उजवीकडच्या खिडकीच्या मालकानें फियाट. अकोल्यास पोहोंचेपर्यंत ज्याची संख्या अधिक भरेल, त्यास आत्याच्या घरचा पहिला आंबा. परंतु मूर्तिजापूर येण्यापूर्वींच मोजणींत घोटाळा होई, एकमेकांवर लबाडीचे आरोप होत आणि शेवटीं पुढच्या आसनावरून वडिलांचा आवाज चढला म्हणजे खेळ संपे. आंबा कोणास मिळाला, हें आतां आठवत नाहीं.

फेब्रुवारी २०२३ मध्यें आम्ही वडिलांस घेऊन त्याच रस्त्यानें त्याच फियाटींतून अकोल्यास गेलों. रस्ता मात्र तो राहिला नव्हता. जून २०२२ मध्यें याच मार्गावर लोणी व माना या गांवांच्या दरम्यान ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटें अखंड काम करून अंथरण्यांत आला, आणि त्या विक्रमाची नोंद गिनेसच्या पुस्तकांत झाली. अशा गुळगुळीत रस्त्यावर आमची म्हातारी संथपणें चालली होती व नव्या मोटारी तिच्या बाजूनें वाऱ्यासारख्या निघून जात होत्या. आम्हांस जुना खेळ आठवला व आम्हीं मनांतल्या मनांत मोजण्यास आरंभ केला. अकोल्यास पोहोंचेपर्यंत एकच फियाट दिसली. एका ढाब्यामागें कडुनिंबाखालीं ती विटांवर उभी होती. तिला चाकें नव्हतीं, आणि उघड्या दारांतून एक कोंबडी आपलीं पिलें घेऊन बाहेर येत होती. वडिलांनींही ती पाहिली असावी. परंतु ते कांहीं बोलले नाहींत.

या मोटारीचें कूळ परकी असलें, तरी तिचें माहेर महाराष्ट्रांतच होतें. सोलापुरास १८८२ सालीं जन्मलेले उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. आगबोट, विमान व मोटार हीं तिन्हीं वाहनें या देशांतच तयार व्हावींत, हा त्यांचा ध्यास होता. बंगळूर येथील विमानांचा कारखाना १९४० मध्यें व विशाखापट्टणम येथील जहाजांचा कारखाना १९४१ मध्यें त्यांच्याच प्रयत्नानें उभा राहिला. मुंबईस कुर्ला येथील कारखान्यांतून १९४७ मध्यें प्रथम अमेरिकन बनावटीच्या मोटारी बाहेर पडल्या. पुढें इटलींतील फियाट कंपनीशीं करार होऊन १९५४ पासून ‘मिलेचेंतो’ नांवाची मोटार येथें तयार होऊं लागली. मिलेचेंतो या इटालियन शब्दाचा अर्थ अकराशें. तिच्या इंजिनाचें माप १०८९ घनसेंटिमीटर, म्हणून हें नांव. तिच्या गुबगुबीत आकारामुळें आपल्या लोकांनीं तिला ‘डुक्कर फियाट’ असें प्रेमाचें नांव दिलें. १९६४ मध्यें तिच्या जागीं नवा, सरळ रेषांचा नमुना आला, आणि १९७४ च्या सुमारास, परक्या कंपनीचें नांव वापरण्याचा करार संपल्यावर, त्याच मोटारीस एका रजपूत राणीचें नांव मिळालें. ज्या वालचंदांनीं हा कारखाना उभारिला, त्यांचें देहावसान १९५३ सालींच झालें होतें. आपल्या कारखान्याची ही लेक घरोघरीं नांदलेली पाहण्यास ते राहिले नाहींत.

आमचे वडील अमरावतीस वैद्यकीचा व्यवसाय करीत. त्या काळीं मोटार विकत घेणें म्हणजे दुकानांत जाऊन पैसे मोजणें नव्हे. आधीं नांव नोंदवावयाचें, अनामत भरावयाची आणि मग आपला क्रमांक लागेपर्यंत वर्षानुवर्षें वाट पाहावयाची, अशी रीत होती. कारखान्यांनीं किती मोटारी कराव्यात, यावर सरकारचें नियंत्रण होतें, आणि मागणी पुरवठ्याच्या कितीतरी पुढें असे. आमचा क्रमांक १९७८ मध्यें लागला. दुधी रंगाची ती मोटार दाराशीं उभी राहिली, तेव्हां खेड्याहून मुद्दाम आलेल्या आजोबांनीं तिच्याभोंवतीं एक प्रदक्षिणा घातली. त्यांच्या घरीं पूर्वीं दमणी होती व दमणीच्या बैलांची जोडी पंचक्रोशींत नांवाजलेली होती. आजीनें मोटारीस ओवाळिलें. आजोबा मात्र टपावर थाप मारून म्हणाले, “बैल इकले तवा दोन दिस जेवलो नव्हतो म्या. ह्या लोखंडासाठी कोन उपाशी राहीन?” सर्व मंडळी हसली, आम्हीही हसलों.

आजच्या विद्यार्थ्यांस ही मोटार पाहून आश्चर्य वाटेल. तिचा गिअरचा दांडा पायापाशीं नसून स्टिअरिंगच्या दांड्यावर होता. त्यामुळें पुढचें आसन बांकासारखें अखंड असे, आणि त्यावर वडील, आई व मध्यें एक मूल असे तिघेजण सुखानें बसत. मागें किती बसत, हें सांगण्यांत अर्थ नाहीं. लग्नसराईंत तो हिशेब कोणी करीत नसे. थंडीच्या दिवसांत सकाळीं चोक ओढल्याशिवाय ती जागी होत नसे, आणि कधीं रुसलीच तर गल्लींतील चार मुलें धक्का मारण्यास सदैव तयार असत. तिच्यांत थंड हवेचें यंत्र नव्हतें. सुरक्षेच्या पट्ट्यांचें नांवही आम्हीं त्या काळीं ऐकिलें नव्हतें. तिचे ब्रेक आजच्या मानानें मंद होते. हे दोष सांगितले पाहिजेत; कारण प्रेमानें दोष झांकले गेले, कीं त्या प्रेमाचें मोल उतरतें.

तिचा एक दोष आम्हां वऱ्हाडवासीयांच्या विशेष परिचयाचा होता. अकोल्याच्या उन्हाळ्याची कीर्ति आपण जाणतांच. मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर गेला, कीं इंजिनाच्या अंगास असलेल्या पंपांतच पेट्रोलची वाफ होई. पंप वाफ ओढूं शकत नाहीं. इंजिनास पेट्रोल मिळेना, म्हणजे धडधाकट मोटार रस्त्यांतच बसकण मारी. यावर उपाय एकच, पंपावर ओला फडका गुंडाळावयाचा व तो निवेपर्यंत थांबावयाचें.

१९८६ च्या मे महिन्यांतील एक दुपार आम्ही विसरूं शकत नाहीं. मूर्तिजापूरजवळच्या एका खेड्यांत एक बाई बाळंतपणाच्या वेणांनीं अडली होती. वडील त्या भागांतच होते व आम्हीही हट्ट करून त्यांच्याबरोबर गेलों होतों. प्रसूति घरीं होण्यासारखी नाहीं, असें पाहून वडिलांनीं तिला व तिच्या सासूस मागील आसनावर घेतलें आणि मोटार अकोल्याच्या रस्त्यास लाविली. बोरगांव मंजूच्या अलीकडे, जेथें झाड नाहीं कीं घर नाहीं, अशा ठिकाणीं फियाट दोन आचके देऊन थांबली. वडिलांनीं बॉनेट उघडलें. काय झालें हें त्यांस पाहतांक्षणींच समजलें. परंतु मोटारींत पाणी नव्हतें. पाणी होतें तें सासूच्या हातांतील तांब्यांत, सुनेच्या कोरड्या ओठांस लावण्यासाठीं आणलेलें, अर्धा तांब्या.

वडील तें मागण्यास धजेनात. म्हातारीच्या हें लक्षांत आलें असावें. तिनें विचारिलें, “पानी घातल्यानं चालते काय जी थे?” वडील म्हणाले, “चालेल. पण हें पाणी तिचें आहे.” तेव्हां त्या वेदनेंत असलेल्या सुनेनेंच हात हालवून ‘घ्या’ अशी खूण केली. वडिलांनीं अंगांतील सदरा काढिला, त्याची घडी करून पंपावर बसविली व म्हातारीनें थेंब थेंब पाणी त्यावर सोडिलें. आम्ही छत्री धरून उभे होतों. तीं दहा-पंधरा मिनिटें आमच्या आयुष्यांतील सर्वांत लांब मिनिटें होत. शेवटीं इंजिन खोकललें, थांबलें आणि पुनः सुरू झालें. अकोल्याच्या रुग्णालयाच्या दारांत डॉक्टरसाहेब गंजिफ्रॉकवर उतरले. पहारेकऱ्यानें त्यांस भाड्याचा चालक समजून मोटार बाजूला घेण्यास सांगितलें आणि त्यांनीं ती निमूटपणें बाजूला घेतली. दिवेलागणीस त्या बाईस मुलगी झाली. दोघीही सुखरूप होत्या. त्या दिवसापासून फियाटीच्या डिकींत पाण्याचा एक डबा व एक जुना टॉवेल कायमचा राहूं लागला. मोटार धुवावयाची असली तरी त्या डब्यास हात लावण्याची कोणास मुभा नव्हती.

पुढें काळ पालटला. १४ डिसेंबर १९८३ रोजीं पहिल्या मारुति मोटारीची किल्ली तिच्या मालकाच्या हातीं पडली होती. ही नवी मोटार हलकी, चालविण्यास सोपी व कमी पेट्रोल पिणारी होती. १९९१ नंतर परदेशी कंपन्यांस दारें अधिक मोकळीं झालीं. ज्या फियाटीसाठीं लोकांनीं वर्षें काढिलीं, तिला आतां गिऱ्हाईक मिळेना. इ. स. २००० च्या सुमारास तिचें उत्पादनच थांबलें. तिची मोठी बहीण अ‍ॅम्बॅसडर बंगालमधील उत्तरपाडा येथें आणखी कांहीं वर्षें तयार होत राहिली. परंतु मे २०१४ मध्यें तो कारखानाही बंद पडला.

कारखाना बंद पडला म्हणजे मोटारी एका दिवसांत नाहींशा होत नाहींत. त्यांची संख्या घटते ती हळूहळू, आणि ती कशी घटते हें आम्हांस अकोल्याच्या एका मिस्त्रींनीं दाखविलें. ते आमच्या वडिलांहून दहा-बारा वर्षांनीं लहान. त्यांचा आवाज खणखणीत व हात सदैव काळे. फियाटीच्या इंजिनाचा आवाज ऐकून कोणत्या झडपेंत काय बिघाड आहे, हें ते डोळे मिटून सांगत. त्यांच्या कारखान्यामागील आवारांत सात-आठ मोडक्या फियाटींचे सांगाडे पडलेले असत. आम्हीं एकदां विचारिलें, “मिस्त्री, हें स्मशान येथें कशाला ठेविलें आहे?” ते हसून म्हणाले, “समशान नाई जी, हे दवाखाना हाय. ह्याचं काढाचं, त्याले लावाचं.” खरोखरच तसें होतें. नवे सुटे भाग मिळेनासे झाल्यावर एका मोटारीचें दार, दुसरीचा कार्ब्युरेटर, तिसरीचा दिवा असें करून ते चौथीस चालती ठेवीत. दूर क्यूबा देशांत १९५९ च्या क्रांतीनंतर अमेरिकेशीं व्यापार तुटला. तेव्हां तेथील लोकांनींही जुन्या अमेरिकन मोटारी अशाच युक्तीनें पुढें अनेक दशकें चालविल्या. म्हणजे रस्त्यावर जी एक जुनी मोटार दिसते, तिच्यामागें न दिसणाऱ्या तीन मोटारी उभ्या असतात. संख्या घटते ती उरलेल्यांनीं जगावें म्हणून.

आमच्या फियाटीसही अशा कित्येकांचें अवयव लागलेले होते. तिचें इंजिन मिस्त्रींनीं नव्यानें बांधिलें होतें, त्यामुळें तें दणकट होतें. परंतु तिचें अंग वर्षानुवर्षांच्या पावसानें कुजत चाललें होतें. तळाचा पत्रा इतका झिजला होता कीं, पायदाणी उचलली म्हणजे खालचा रस्ता दिसे. शिवाय पेट्रोलमध्यें इथेनॉलचें प्रमाण वाढूं लागलें, आणि जुन्या मोटारींच्या रबरी नळ्यांस तें मानवत नाहीं. त्या वरचेवर बदलाव्या लागत. वडील तक्रार करीत नसत. मिस्त्री म्हणत, “गाडी नाई थकत जी डाक्टरसाहेब, मालक थकते.” यावर वडील मनापासून हसत. परंतु तें वाक्य एके दिवशीं खरें ठरलें.

२०२२ च्या श्रावणांतील सायंकाळ होती. बारीक पाऊस पडत होता. वडील तेव्हां ८२ वर्षांचे होते. आम्ही त्यांच्या शेजारीं बसलों होतों. राजकमल चौकापाशीं वळतांना एक शाळकरी मुलगा सायकलवरून समोर आला. वडिलांनीं ब्रेक दाबला. मोटार त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. मुलगा भयानें सायकलवरून कोसळला व त्याचा गुडघा खरचटला. लोक जमले. कोणी मुलासच बोलूं लागले. वडील खालीं उतरले, त्यांनीं त्यास उठविलें, घरीं नेऊन त्याची जखम धुतली व मग त्यास त्याच्या घरीं पोहोंचविण्यास आम्हांस मोटार चालविण्यास सांगितलें. त्या मुलाच्या आईपुढें हात जोडून ते म्हणाले, “बाई, मुलाचा दोष नाहीं. मला तो दिसलाच नाहीं.” परत आल्यावर त्यांनीं फियाटीची किल्ली आमच्या हातांत ठेविली. चव्वेचाळीस वर्षें ती त्यांच्या खिशांत होती. त्यानंतर त्यांनीं ती पुनः मागितली नाहीं.

२०२३ च्या पावसाळ्यांत मोटारीच्या नोंदणीची मुदत संपणार होती. पंधरा वर्षें झालेल्या खासगी मोटारीची तपासणी करून दर पांच वर्षांनीं नोंदणी पुनः करून घ्यावी लागते, हें आपल्या पालकांस ठाऊक असेल. १ एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाली होती. परंतु प्रश्न फीचा नव्हता. जुनें इंजिन अधिक धूर सोडतें, जुनी मोटार अपघातांत माणसास कमी सांभाळते, म्हणून शासन हळूहळू अशीं वाहनें कमी करूं पाहतें. यांत अयोग्य असें कांहीं नाहीं. त्याच वर्षीं १ एप्रिलपासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी बंद झाली. आणि मुंबईंत, जेथें काळ्यापिवळ्या फियाट टॅक्सींनीं पिढ्यान्‌ पिढ्या लोकांस वाहिलें, तेथें शेवटच्या टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. तेथील टॅक्सीवाल्यांच्या संघटनेनें अशी एक तरी मोटार स्मृति म्हणून जतन करावी, अशी मागणी केली होती.

आमच्या फियाटीस त्या सुमारास तीन गिऱ्हाइकें आलीं. पहिला भंगारवाला; तो वजनावर पैसे देणार होता. दुसरे पुण्याकडील एक हौशी गृहस्थ. जुन्या मोटारी घेऊन, त्यांस नवा रंग देऊन प्रदर्शनांत व लग्नसमारंभांत मांडण्याचा त्यांस नाद होता. त्यांनीं भंगाराच्या कित्येक पट रक्कम देऊं केली. तिसरें गिऱ्हाईक मिस्त्रींनीं सुचविलें. अकोल्यांतील एक निवृत्त मुख्याध्यापक व त्यांची पत्नी यांच्यापाशीं एक फियाट होती. दर रविवारीं तींतून तीं दोघें उपासनेस जात. त्यांच्या मोटारीचें अंग शाबूत होतें. परंतु इंजिनास तडा गेल्यानें ती अनेक महिने अंगणांत उभी होती. ते फार थोडें मूल्य देऊं शकत होते. शिवाय त्यांस मोटार नको होती, तिचें इंजिन व कांहीं भाग हवे होते. म्हणजे आमची फियाट मोडावी लागणार होती.

आम्ही दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या बाजूचे होतों, हें कबूल केलें पाहिजे. त्यांत पैशाचा लोभ होताच. परंतु तेवढाच नव्हता. मोटार अखंड राहील, रंगरंगोटी होऊन झळकेल, कधीं तरी जाऊन पाहतां येईल, ही आशाही होती. आम्हीं वडिलांपुढें हा पक्ष मोठ्या आवेशानें मांडला. “बाबा, जिच्यांतून इतक्या लोकांचे प्राण वाचले, ती मोटार आपण आपल्या हातानें तोडावयाची काय?” असेंही आम्ही म्हणालों.

वडिलांनीं सर्व ऐकून घेतलें. मग ते शांतपणें म्हणाले, “तिचें अंग कुजलें आहे. रंग लावला तर ती उभी राहील, चालणार नाहीं. त्यांच्या मोटारीचें अंग चांगलें आहे, हृदय गेलें आहे. दोन रोग्यांपैकीं एक नक्की वांचत असेल, तर डॉक्टरानें काय करावें, तूंच सांग.” आम्ही गप्प राहिलों. तेव्हां ते पुढें म्हणाले, “मीं नेत्रदानाचा अर्ज भरला, त्यावर साक्षीदार म्हणून तुझीच सही आहे. तेव्हां तूं वाद घातला नाहींस.”

यावर आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. परिवहन कार्यालयांत अर्ज करून आमच्या मोटारीची नोंदणी रीतसर रद्द करविली, आणि मुख्याध्यापकांच्या मोटारीच्या कागदावर इंजिनाचा नवा क्रमांक चढविण्याची व्यवस्था केली. ठरल्या दिवशीं आम्ही वडिलांस घेऊन अकोल्यास गेलों. मिस्त्रींनीं सांखळी लावून इंजिन वर उचललें, तेव्हां वडील खुर्ची पुढें ओढून, एखाद्या शस्त्रक्रियेस उभे असावे तसे, लक्षपूर्वक पाहत होते. मध्येंच ‘हळू’ एवढेंच म्हणाले. परत येतांना त्यांनीं जुना क्रमांक असलेली पुढची पाटी मांडीवर घेतली होती. त्या रात्रीं त्यांनीं भूक नाहीं म्हणून पान वाढूं दिलें नाहीं. आईनें आमच्याकडे पाहिलें. आजोबांचा पंचेचाळीस वर्षांपूर्वींचा प्रश्न घरांत कोणीच विसरलें नव्हतें.

२०२३ च्या नाताळाच्या दिवशीं दुपारीं आमच्या फाटकाशीं ओळखीचा आवाज आला. वडील आरामखुर्चींतून एकदम उठले. मुख्याध्यापक व त्यांची पत्नी आपल्या निळ्या फियाटींतून करंज्यांचा डबा घेऊन अमरावतीस आलीं होतीं. शंभर किलोमीटरांत मोटार कोठेंही थांबली नव्हती. बाईंनीं वडिलांस आग्रहानें पुढच्या आसनावर बसविलें आणि मुख्याध्यापकांनीं गल्लींतून एक फेरी मारिली. वडील डोळे मिटून ऐकत होते. काय म्हणतात, याकडे आम्हां सर्वांचें लक्ष लागलें होतें. उतरल्यावर ते म्हणाले, “टॅपेट जरा वाजतात. मिस्त्रीला दाखवा.” मग घरांत येऊन त्यांनीं तीन करंज्या खाल्ल्या.

भूमींत पडून नाहींसा होणाऱ्या गव्हाच्या दाण्याचा दृष्टांत आपण या विद्यालयांत प्रार्थनेच्या वेळीं ऐकलेला असेल. आम्हींही तो लहानपणीं येथेंच ऐकला. परंतु त्याचा अर्थ आम्हांस मिस्त्रींच्या आवारांत, तेलानें काळ्या झालेल्या जमिनीवर उभें असतांना उमगला. वस्तूंवर प्रेम करावें, त्या जपाव्यात, चव्वेचाळीस वर्षें टिकतील अशा रीतीनें वापराव्यात, हें तर खरेंच. नव्या पिढीनें तें आमच्या वडिलांच्या पिढीकडून शिकावें. परंतु जपणें म्हणजे मुठींत धरून ठेवणें नव्हे. किल्ली केव्हां खालीं ठेवावी, आणि जें आपल्या उपयोगाचें राहिलें नाहीं तें कोणाच्या उपयोगी पडेल, हें ज्यास वेळेवर समजतें, त्यानेंच ती वस्तु खऱ्या अर्थानें जपली, असें आम्हांस वाटतें. पालकवर्गासही आमची विनंति आहे, कीं आपल्या घरच्या जुन्या वस्तूंच्या गोष्टी त्या वस्तु घराबाहेर जाण्यापूर्वीं मुलांस सांगाव्यात.

वऱ्हाडांतील फियाटींची मोजणी आज कोणी केली, तर ती पूर्वींपेक्षां एकानें कमी भरेल. ती उणीव आमच्या घरची आहे, आणि तिचें आम्हांस दुःख नाहीं. पुढें एकदां आम्ही अकोल्यास त्या मुख्याध्यापकांकडे गेलों असतां त्यांनीं सहज म्हणून मोटारीची डिकी उघडली. आंत एका कोपऱ्यांत पाण्यानें भरलेला डबा होता आणि त्यावर घडी केलेला एक जुना टॉवेल.